‘बरं हाय की’ या उत्तरामागे

(ग्रामीण भागातल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाहेर पडणाऱ्या बाईला ‘सेवा कशी वाटली?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : ‘बरं हाय की.’ समाधानी, थोडीफार समाधानी, असमाधानी अशा तीन चौकटी कागदावर असतात. पहिल्या चौकटीत भराभर खुणा पडतात. आणि त्याच बाया संध्याकाळी ओट्यावर बसल्या की वेगळंच बोलतात.

एक बाई अशीच ‘समाधानी’ होती. मी पुढे विचारत गेले. तपासलं का? ‘न्हाई, लांबनंच इचारलं.’ आत पडद्यामागे नेलं? ‘कसला पडदा?’ अंगावरून पांढरं जातंय हे सांगितलंत? ‘पुरुष डाक्टर, मागं ही रांग! कंबर दुखती म्हनलं.’ गोळ्या मिळाल्या त्या कंबरेच्या. मूळ दुखणं तसंच घेऊन ती घरी आली, आणि कागदावर समाधानी रुग्ण ठरली.

ती खोटं बोलत होती का? मुळीच नाही. घरात तिच्या दुखण्याची विचारपूसच होत नाही. तिथे कुणीतरी निदान दोन शब्द विचारले, फुकट गोळ्या दिल्या, हेच तिला खूप वाटलं. दुसरं कारण भीतीचं. उद्या बाळंतपणाला, लेकराच्या लसीला त्याच नर्सबाईंकडे जायचं आहे. त्यांच्याविरुद्ध बोलायचं कसं? बाळंतपणानंतर तर बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की ओरडा, शिव्या, फरशीवर झोपणं, सगळं पोटात घातलं जातं. आणि जी एकदा अपमान होऊन परतली नि पुन्हा गेलीच नाही, तिला विचारायला कुणी जातच नाही. कारण पाहणी होते ती केंद्राच्या दारात.

सगळ्यांत मोठं कारण म्हणजे आपल्याला काय मिळायला हवं हेच आपल्याला सांगितलेलं नाही. सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, हा सरकारचाच निकष आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त, मुक्कामातलं जेवण, नेण्या-आणण्याची गाडी, सारं मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार नि:शुल्क झाले. हे ज्या बाईला ठाऊक आहे, ती बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडल्यावर ‘बरं हाय’ म्हणणार नाही. मोफत म्हणजे उपकार नव्हे. साबणापासून कितीतरी वस्तूंवर आपण कर भरतो, त्यातूनच हे दवाखाने चालतात.

म्हणून प्रश्न बदलायला हवा. ‘कसं वाटलं?’ ऐवजी ‘काय घडलं?’ असं विचारू या. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं, ते याच वाटेनं. गावकऱ्यांनी सेवांची प्रगतिपत्रकं भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. काही केंद्रांत बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. एकट्या बाईची कुरकुर हवेत विरते. तीच गोष्ट गावानं लिहून मांडली की तिला उत्तर द्यावं लागतं.

इथे एक सावधगिरी हवी. आपला राग नर्सबाईंवर निघू नये. रिकाम्या जागांमुळे दोघींचं काम एकीवर पडतं, रात्री-बेरात्री एकटीनं जावं लागतं, वर अहवालांचे ढीग. औषधांचा साठा वेळेवर न पाठवणारे मात्र आपल्या समोर कधी येत नाहीत. जाब त्यांना विचारायचा आहे, आणि त्यात नर्सबाई नि आशाताई आपल्या बाजूच्या आहेत.

तेव्हा या महिन्यात प्रत्येकीनं आपल्या वस्तीतल्या पाच जणींशी बोला. केंद्राच्या दारात नको, घरी निवांत. सासू-नवऱ्यासमोर तर नकोच. चारच गोष्टी विचारा. तपासलं का? आडोसा होता का? पैसे कुठे कुठे गेले? पुन्हा जाल का? नाव लिहू नका, उत्तर मात्र तिच्याच शब्दांत लिहा. त्यांतली एक तरी जण केंद्रात जाणं सोडून दिलेली असू द्या. ही उत्तरं एकत्र करून आपण ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवू.