मे महिन्यात घड दिसत नाहीत

आज कोणी मला दीडपट स्पीडवर ऐकत असेल, तर ऐका, माझी हरकत नाही. गेल्या वर्षापर्यंत मीही सगळे संदेश तसेच ऐकायचो. पाळकसाहेबांचा पाऊण तासाचा संदेश अर्ध्या तासात संपायचा. वाचलेल्या पंधरा मिनिटांचं काय केलं, ते मात्र विचारू नका.

माझ्या फोनवर बायबलचं ॲप आहे. रोज वाचलं की ते दिवस मोजतं. माझे सलग २११ दिवस झाले होते आणि त्याचा मला जरा गर्वच होता. त्या दिवशी हिंजवडीच्या बसमध्ये असताना आईचा फोन आला. "काका दवाखान्यात आहेत रे. येऊन भेटून जा."

काकांशी आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. द्राक्षबागेची वाटणी, विहिरीचं पाणी... गावाकडच्यांना पुढचं सांगायची गरज नाही. मी म्हणालो, "आई, मला मीटिंग आहे. आणि त्यांचं नाव माझ्यापुढे काढू नकोस."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग तिने एवढंच विचारलं, "आज काय वाचलंस?"

मला आठवेना. वाचून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. ॲप उघडून पाहिलं, तर मत्तय १८. स्वतःचं मोठं कर्ज माफ झालेला आणि दुसऱ्याच्या छोट्या कर्जासाठी त्याचा गळा धरणारा तो चाकर. दिवस २११, हिरवी खूण.

काका बरे होऊन घरी आले. मी गेलो नाही.

नंतर मी पाळकसाहेबांपाशी मन मोकळं केलं. म्हटलं, इतकं वाचतो, ऐकतो, तरी आत काहीच बदललेलं नाही, माझा विश्वास खोटा आहे का? मला वाटलं, उपास सांगतील, एखादं पुस्तक देतील. ते म्हणाले, "रोज काकांचं नाव घेऊन प्रार्थना कर. बाकी काही नको." एवढंच! मला तर फसवल्यासारखं वाटलं.

आता थोडं बागेविषयी. आमची बाग दिंडोरी तालुक्यात. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. खरड छाटणी झाल्यावर बाग बघवत नाही. नुसती खोडं, ओलांडे आणि वर तारा. त्यानंतर नव्या काड्या येतात, पण त्यांवर द्राक्षाचा एक मणीही नसतो. नवखा माणूस म्हणेल, वर्ष वाया गेलं. पण नेमकं त्याच वेळी, मे-जूनमध्ये, काडीवरच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. इतका बारीक, की शेतकरी काडी प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. ऑक्टोबरला छाटल्यावर जो घड बाहेर येतो, तो मे महिन्यातलाच.

योहान १५ मध्ये प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. लहानपणापासून मी ते ऐकत होतो, पण छाटणी म्हणजे शिक्षा असं समजायचो. बागायतदाराच्या घरात वाढूनसुद्धा! फळ देणाऱ्या फाट्यालाही कात्री लागते, हे तिथे स्पष्ट आहे. आणि मार्क ४ मधला तो शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. रोज माती उकरून मुळं बघत बसला असता, तर रोप मेलंच असतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, हे आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितलंय. ती आठ वर्षं काही रिकामी नव्हती. त्या अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. बाहेरून पाहणाऱ्याला यश दिसत होतं. आत अजून काहीतरी व्हायचं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलच्या मराठी भाषांतराचं काम वर्षानुवर्षं करत राहिल्या. १९२२ मध्ये केडगावला वारल्या, तोपर्यंत.

माझी प्रार्थना म्हणाल, तर पहिले तीन महिने मी दात-ओठ खाऊनच ती केली. काकांचं नाव घ्यायचो आणि विहीर आठवायची. काही दिवस चुकलेसुद्धा. पण एका रात्री नाव घेतल्यावर विहिरीऐवजी आठवलं की, मला सायकल त्यांनीच शिकवली होती. बस, तेवढंच.

ऑक्टोबरमध्ये गावी गेलो. काका बांधावर उभे होते, बरेच वाळले होते. मी जवळ गेलो. काय बोलावं कळेना, म्हणून म्हटलं, "काका, छाटणी झाली का?" ते म्हणाले, "खालचा प्लॉट राहिलाय. मजूर मिळत नाहीत." मी कात्री घेतली. दुपारपर्यंत आम्ही दोघं छाटत होतो. माफी कुणीच मागितली नाही.

विहिरीचा प्रश्न अजून तसाच आहे. पुढच्या महिन्यात कागद घेऊन बसायचं ठरलंय, आणि मला आत्तापासूनच राग येतोय. प्रार्थनेत आठवण ठेवा.