आकाशाच्या वाटेवरच्या अटी

(पिशोर, तालुका कन्नड येथे महिला व किशोरी मेळाव्यात केलेलं भाषण)



आजचा विषय अवकाश आहे असं कळल्यावर काहीजणींनी एकमेकींकडं बघितलं, ते मी पाहिलं. बचत गट, दारूचा अड्डा, रेशनकार्ड हे सगळं सोडून ही बाई चंद्रावर कुठं निघाली? मी शिकले समाजकार्य, खगोलशास्त्र नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. गावोगाव मुलींशी बोलताना दिसतं की आकाशाचं वेड त्यांना आहे, आणि ते पुरं करायच्या वाटेवर ज्या अटी आहेत त्या आपल्या घरातल्या, गल्लीतल्या आणि एसटी स्टँडवरच्या आहेत. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

2023 सालची 23 ऑगस्टची संध्याकाळ आठवा. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चं 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. सगळा देश टीव्हीपुढं बसला होता. पण संध्याकाळी सहा म्हणजे आपल्याकडं कोणती वेळ? म्हशीच्या धारेची, चुलीची, शेतातून परतायची. त्या वेळी मी ज्या घरी होते तिथं पुरुष आणि पोरं टीव्हीसमोर होती. घरातली सून पिठाच्या हातानं दारात येऊन विचारायची, "उतरलं का?" आणि परत आत जायची. ते उतरलं तेव्हा टाळ्या आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या. तिनंही वाजवल्या, पण तव्यावरची भाकरी उलटून आल्यावर.

असं वेड आपल्याकडं पूर्वीही येऊन गेलं आहे. 1969 च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते तिघं अंतराळवीर मुंबईत आले. 1979 मध्ये अमेरिकेची 'स्कायलॅब' ही अवकाशातली प्रयोगशाळा कोसळणार म्हणून अफवांना ऊत आला. अखेर 11 जुलैला तिचे तुकडे समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. 3 एप्रिल 1984 ला राकेश शर्मा रशियन यानातून वर गेले. वरून भारत कसा दिसतो, असं पंतप्रधान इंदिरा गांधींनी विचारलं तेव्हा त्यांनी इक्बालच्या गीताचे शब्द ऐकवले. प्रश्न विचारणारी बाई होती, वर गेलेला पुरुष होता, आणि यात कुणाला काही खटकलं नाही.

पण त्याच्याही कितीतरी आधी आकाश बघायचं काम कोण करत होतं? इथल्या आज्यांना विचारा. घड्याळ नव्हतं तेव्हा शुक्राची चांदणी वर आली की जातं सुरू व्हायचं. तिकांडं कुठं आलं यावरून रात्र किती उरली हे कळायचं. सप्तर्षींना आपण बाज म्हणतो. म्हातारीच्या बाजेचे चार खूर आणि ती चोरून नेणारे तीन चोर, ही गोष्ट किती घरांत सांगितली गेली! मृग लागला, आर्द्रा लागल्या, हे पेरणीचं गणित बायांना तोंडपाठ होतं. हे ज्ञान कामातून आलेलं होतं, म्हणून त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही. बाईचं जे ज्ञान चुलीशी, जात्याशी, शेताशी जोडलेलं असतं त्याची नोंद होत नाही. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

चंद्राच्या त्या मोठ्या मोहिमेतही हेच झालं. आर्मस्ट्राँगच्या अंगातला पोशाख कुणी शिवला माहीत आहे का? अमेरिकेत बायकांची अंतर्वस्त्रं तयार करणारी 'प्लेटेक्स' नावाची कंपनी होती. तिच्याच एका शाखेनं तो पोशाख बनवला आणि शिवला तो शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायांनी. एकावर एक एकवीस थर. टाके इतके नेमके हवेत की जरा हुकलं तर वर माणसाचा जीव जाणार. आत एखादी टाचणी राहू नये म्हणून टाचण्यांवरही कडक नजर असायची.

यानाच्या संगणकाचंही तसंच. त्याची स्मृती तांब्याच्या तारांनी हातानं विणलेली होती. तार चुंबकाच्या बारीक कड्यातून गेली तर 1, कड्याच्या बाहेरून गेली तर 0. एका कारखान्यात बाया हे विणत होत्या. पैठणच्या मागावर कोणता धागा वरून जाईल आणि कोणता खालून, यावर मोर उठतो की बिघडतो ते ठरतं. तिथं धाग्याच्या जागी तार होती. ही हातांची कसब असलेली बाई, पण चंद्रावर बारा माणसं उतरली आणि ती बाराही पुरुष होती.

असं का झालं? बायांना अवकाशात येऊ देणार नाही, असा फलक कुणी लावला नव्हता. 1959 मध्ये अमेरिकेनं पहिले सात अंतराळवीर निवडले तेव्हा मुख्य अट अशी होती की तो लष्करातला, जेट विमानांच्या चाचण्या घेणारा वैमानिक असावा. अटीत बाईचा शब्दही नाही. पण लष्करात बाईला जेट विमान चालवूच दिलं जात नव्हतं. पुढं तेरा महिला वैमानिकांनी खासगी उपक्रमात त्याच वैद्यकीय चाचण्या दिल्या आणि त्या पास झाल्या. 1962 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढं सुनावणीही झाली. अट बदलली नाही. त्यांतल्या वॉली फंक या बाई 2021 साली वर गेल्या तेव्हा त्यांचं वय 82 होतं.

मधल्या काळात 16 जून 1963 ला रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अवकाशात गेली. ती कापड गिरणीतली कामगार होती, पॅराशूटनं उड्या मारायची. पण तिच्यानंतर दुसरी बाई वर जायला 19 वर्षं लागली. 1982 मध्ये स्वेतलाना साविट्स्काया अवकाश स्थानकावर पोचली तेव्हा तिथल्या सहकाऱ्यानं थट्टेत तिच्या हातात स्वयंपाकाचा एप्रन दिला. पृथ्वी सोडून गेली तरी चूल काही सुटली नाही! हीच स्वेतलाना 25 जुलै 1984 ला यानाबाहेर पडून अवकाशात काम करणारी पहिली स्त्री ठरली. 1983 मध्ये अमेरिकेच्या सॅली राइडला आठवड्याच्या प्रवासासाठी, पाळी आली तर शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं तिथल्या इंजिनिअरांनी विचारलं होतं. इतके शिकलेले लोक, पण पाळीविषयी कुणी कधी कुणाला विचारलंच नसेल तर काय कळणार? आणि 2019 च्या मार्चमध्ये दोन बायांनी मिळून यानाबाहेर जायचं ठरलं होतं, ते फिसकटलं. कारण त्यांच्या मापाचे दोन पोशाख तयार नव्हते. ते काम पुढं 18 ऑक्टोबरला झालं.

हे अमेरिका-रशियाचं झालं. आता आपल्याकडं बघू. 'गगनयान'साठी निवडलेल्या चौघांची नावं 27 फेब्रुवारी 2024 ला जाहीर झाली. चौघंही पुरुष. निवड वायुसेनेच्या चाचणी वैमानिकांतून झाली. आपल्या वायुसेनेत पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक रुजू झाल्या 2016 च्या जूनमध्ये. चाचणी वैमानिक व्हायला पुष्कळ वर्षांच्या उड्डाणांचा अनुभव लागतो. म्हणजे 2024 मधली यादी कशी असणार हे कितीतरी वर्षं आधीच ठरून गेलं होतं. या चौघांतले शुभांशू शुक्ला 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाऊन आले, याचा आनंद मलाही आहे. त्यांच्या गुणवत्तेबद्दल माझा प्रश्न नाही. मला दाखवायचंय ते एवढंच की दार शेवटच्या टप्प्याला बंद होत नाही. ते फार आधी, भलत्याच ठिकाणी बंद होतं आणि तिथं पाटीही नसते.

आता पिशोरच्या वाटेवरच्या अटी मोजू या. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवलेली मुलगी पुढं विज्ञान घेते का? प्रात्यक्षिकं संपतात उशिरा, शिकवणीचा वर्ग संध्याकाळचा, अंधार पडल्यावर येणारी एसटी 'मुलीच्या जातीला' बरी नाही. म्हणून ती कला शाखेला जाते. मुलींनी विज्ञान शिकू नये असं गावात कुणीही म्हटलेलं नसतं. आणि सगळ्यात मोठी अट लग्नाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ज्या वयात गणित पक्कं व्हायचं, त्या वयात ती पाळणा हलवते.

दुसरी अट रात्रीची. तारे रात्रीच दिसतात. मुलगे धाब्यावर, पारावर, शेतात असतात, त्यांना आकाश आपोआप दिसतं. वयात आलेली मुलगी दिवेलागणीनंतर घरात हवी. तिला आकाश दिसतं ते दाराच्या चौकटीएवढं.

तिसरी अट ग्रहणाची, आणि ही मला सगळ्यात जास्त छळते. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री अकराच्या सुमाराला चंद्र पुरा झाकला गेला आणि तांबूस झाला. त्या रात्रीही आपल्याकडं कितीतरी गरोदर बायांना खोलीत सरळ पडून राहायला लावलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. का, तर मुलाचा ओठ फाटतो. बायांनो, बाळाचा ओठ आणि टाळू पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडून जातात. सातव्या महिन्यातल्या बाईनं विळीवर भाजी चिरली म्हणून तयार झालेला ओठ कसा फाटेल? याची कारणं आनुवंशिक असतात, कधी आहारातल्या फॉलिक ॲसिडच्या कमतरतेशी, तंबाखूशी त्यांचा संबंध असतो. म्हणून गोळ्या वेळेवर सुरू करायच्या. असं मूल झालंच तर शस्त्रक्रियेनं ओठ नीट होतो. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे, आशाताईंना विचारा. आमच्या कामात एक आई भेटली होती. तिच्या मुलाच्या ओठाची शस्त्रक्रिया होऊन वर्षं झाली, वण दिसेनासा झाला. पण "हिनं ग्रहण पाळलं नाही" हे वाक्य तिच्या संसारातून अजून गेलेलं नाही. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात चंद्राच्या सावलीचा गुन्हा बाईच्या माथी बसतो.

कुणी विचारेल, नळाला पाणी नाही आणि चंद्रावर पैसा कशाला? डोक्यावर हंडा असलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. उत्तर असं आहे की वादळाची सूचना, पावसाचा अंदाज, जमिनीखाली पाणी कुठं असेल याचे नकाशे हे सगळं उपग्रहांच्या मदतीनं होतं. हे ज्ञान आपल्या विहिरीपर्यंत का येत नाही, हे आपण ग्रामसभेत विचारलं पाहिजे. आकाशाशी भांडून काय मिळणार?

आणि वाट अगदी बंद आहे असंही नाही. चांद्रयान-2 मध्ये एम. वनिता प्रकल्प संचालक होत्या आणि रितू करिधाल मोहीम संचालक. चांद्रयान-3 च्या उपप्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या 'आदित्य-एल1' च्या प्रमुख निगार शाजी. वर्तमानपत्रांत त्यांच्या साड्यांचं आणि गजऱ्यांचं कौतुक फार झालं. त्यांचं गणित कोणत्या शाळेत पक्कं झालं आणि संध्याकाळी घरी कोण थांबलं, हे विचारायला हवं होतं. आपल्या मराठवाड्यातही हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो' प्रयोगशाळेला 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. दूर अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी तिथं टिपायच्या आहेत. तिथं काम करायला मुली कुठून येणार? मुंबई-पुण्याहूनच का?

म्हणून तीन कामं सुचवते आणि थांबते.

पहिलं, मुलींच्या एसटीचं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कही माफ आहे. पैशाची अट सरकारनं काढली, पण वेळेची अट तशीच आहे. कन्नडहून संध्याकाळी मुलींच्या वेळेला गाडी हवी, असा ठराव येत्या ग्रामसभेत आपण मांडायचा. बाया संख्येनं आल्या तरच तो होईल.

दुसरं, अमावास्येच्या आसपास महिन्यातून एक रात्र गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानात फक्त बायामुलींनी जमायचं आणि आकाश बघायचं. दुर्बीण नसली तरी चालेल. आज्यांनी बाज आणि तिकांडं दाखवायचं, मुलींनी पुस्तकातली नावं सांगायची.

तिसरं, 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडं खंडग्रास सूर्यग्रहण आहे. सूर्याकडं नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, ते कुणीच बघायचं नाही, पुरुषांनीही नाही. सूर्याकडं पाठ करून पिठाची मोठ्या भोकांची चाळणी उन्हात धरायची. खाली प्रत्येक भोकातून एकेक कोर पडते, पन्नास भोकांच्या पन्नास कोरी. पावसाळा आहे, ढग असले तर आपलं नशीब. नसले तर त्या दिवशी गावातल्या गरोदर सुनांना खोलीत कोंडायचं नाही. पोटभर जेवून, पाणी पिऊन त्यांनीही आपल्याबरोबर अंगणात यायचं. सासवांनो, त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणायची जबाबदारी तुमची. चाळणी मी आणते.