घराण्याचा उंबरठा



तबल्याच्या परंपरेत दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब अशी सहा घराणी मानली जातात. घराणे म्हटले की रक्ताचे नाते, मिटलेले दार आणि जपून ठेवलेली विद्या असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते सर्वस्वी खोटे नाही. पोटच्या मुलाला मिळणारी बंदिश शिष्याला मिळेलच, याची पूर्वी शाश्वती नसे. तथापि फरुखाबाद घराण्याची वाटचाल पाहिली, तर विद्येचे आयुष्य वाढले ते तिने उंबरठा ओलांडला तेव्हाच, असे ध्यानात येते.

या घराण्याचे प्रवर्तक हाजी विलायत अली खाँ हे लखनौ घराण्याच्या बक्षू खाँ यांचे शिष्य आणि जावई. गुरूने कन्येबरोबर काही निवडक गती आंदण दिल्या, असे परंपरा सांगते. आंदणात गतच का द्यावी, हेही समजण्याजोगे आहे. कायदा ही विस्ताराची रीत असते. त्यातल्याच बोलांचे पलटे करीत वादक पुढे जातो आणि तिहाईने समेवर येतो. गत मात्र घडवलेल्या दागिन्यासारखी असते. एक अक्षर ढळले तरी तिचा घाट बिघडतो. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला असा दागिना एका घरातून दुसऱ्या घरात गेला आणि तेथे नवे घराणे उभे राहिले.

दुसरा उंबरठा मुंबईचा. उत्तरेत अनेक गुरूंकडून विद्या मिळवलेले मुनीर खाँ मुंबईत आले. मुरादाबादचे अहमदजान थिरकवा त्यांच्याजवळ शिकले. त्यांच्या हाताची थिरकती चाल नावातच उतरली. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी साथ केली आणि दरबारात व मैफलीत रमलेला तबला मराठी नाट्यगृहात ऐकू येऊ लागला. पदाचा शब्द झाकोळू न देता लय खेळती ठेवणे, हे साथीचे मर्म तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या कानी पडले. 1970 मध्ये पद्मभूषण मिळालेल्या या कलावंताचे 1976 मध्ये निधन झाले.

तिसरा उंबरठा सर्वांत मोठा, कारण तो रक्ताच्या नात्याचा होता. थिरकवांची विद्या निखिल घोष आणि भाई गायतोंडे यांच्याकडे आली. मुनीर खाँचे भाचे अमीर हुसेन खाँ यांनी मुंबईत पंढरीनाथ नागेशकर, अरविंद मुळगावकर असे शिष्य घडवले. मुळगावकरांनी पुढे तबल्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. घराबाहेर न जाणारी विद्या अशा रीतीने कोणत्याही जिज्ञासूच्या हाती आली.

ही सारी वाटचाल झाली ती मुखाने. तबल्याचा विद्यार्थी हात चालवण्याआधी पढंत शिकतो. ‘धा’, ‘तिरकिट’, ‘धिन’ ही अक्षरे हातावर टाळी आणि खाली दाखवत तो तोंडाने म्हणतो. बोल जिभेवर स्वच्छ बसला की मगच तो चाटेवर, शाईवर आणि डग्ग्यावर उतरतो. वही हरवली तरी चालते. म्हणणारे तोंड आणि ऐकणारा कान यांची गाठ मात्र रोज पडावी लागते. एका पिढीने म्हणणे सोडले, तर पुढच्या पिढीच्या हाती नुसते घराण्याचे नाव उरते.

महाराष्ट्रापासून दूर साठ वर्षे चाललेल्या मराठी शाळेला हे वेगळे सांगावयास नको. भाषाही पढंतीनेच टिकते. ती मुलांना आंदण द्यावी लागते. आणि ज्यांच्या घरी ती जन्मतः नाही, अशी मुले दाराशी आली तर त्यांनाही आत घ्यावे लागते. फरुखाबादच्या विद्येला तिचे कित्येक उत्तम वारस असेच, दाराबाहेरून येऊन मिळाले.