बाईचा हक्क आणि बड्या राष्ट्रांची सोय
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



बडी राष्ट्रे परक्या देशातल्या मानवी हक्कांबद्दल कधी बोलतात आणि कधी गप्प बसतात, हे समजून घ्यायचे तर अफगाणिस्तानकडे पाहावे.

१९७९ साली तिथे सोव्हिएत फौजा घुसल्या. त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीन गटांना अमेरिकेने पाकिस्तानमार्फत पैसा आणि शस्त्रे पुरवली. हे गट बायकांना कसे वागवतात, याची फिकीर केली नाही. १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतले, मुलींच्या शाळा बंद केल्या, बायकांना नोकरीवरून घरी बसवले. तरी १९९७ मध्ये युनोकल या अमेरिकन तेल कंपनीने गॅसच्या पाइपलाइनसाठी तालिबानच्या प्रतिनिधींना टेक्सासला नेऊन पाहुणचार केला.

२००१ च्या हल्ल्यानंतर सूर बदलला. ही लढाई स्त्रियांच्या हक्कांसाठीही आहे, असे अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून सांगितले. १९७७ पासून काम करणाऱ्या 'रावा' या अफगाण स्त्रियांच्या संघटनेने तालिबानला विरोध केला होता, तसाच बॉम्बफेकीलाही केला. तिचे ऐकले कुणी?

पुढच्या वीस वर्षांत लाखो मुली शाळेत गेल्या, बायका संसदेत बसल्या. हे कमावलेले मोल नाकारायचे नाही. पण २०२० च्या दोहा करारात अमेरिकेने तालिबानशी सैन्य माघारीची बोलणी पक्की केली, त्यात स्त्रियांच्या हक्कांबद्दल अवाक्षर नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. सहावीनंतर मुलींची शाळा बंद झाली, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही.

दुसरेही मागे नाहीत. जुलै २०२५ मध्ये रशियाने तालिबान सरकारला मान्यता दिली. त्याच महिन्यात स्त्रियांच्या छळाबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या दोन बड्या नेत्यांवर अटक वॉरंट काढले होते!

आणि आपण? ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले. अफगाण दूतावासातल्या त्यांच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. आमचा यात संबंध नाही, असे आपले सरकार म्हणाले. पण निषेध झाला, आणि दोनच दिवसांनी दुसरी परिषद झाली, तिला महिला पत्रकारांना बोलावणे होते. बोलल्याने फरक पडतो, तो असा.

म्हणून बड्यांच्या भाषणांवर विसंबू नये. करार झाला की दोनच प्रश्न विचारावेत : बोलणीला त्या देशाच्या बायका होत्या का? कागदावर त्यांचे हक्क लिहिले का? आणि हे प्रश्न वॉशिंग्टन-मॉस्कोइतकेच दिल्लीलाही विचारावेत.