घरातल्या तंत्रज्ञाला काय शिकवाल?



घरात नवा मोबाइल आला की तो सुरू करून कोण देतं? आजीच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप कुणी टाकून दिलं? शिष्यवृत्तीचा अर्ज, लाइटबिल, पीकविमा, एसटीचं आरक्षण ही कामं आज बहुतेक घरांत आठवी-नववीतल्या पोराच्या नाहीतर पोरीच्या गळ्यात असतात. "बघ गं, काय विचारतंय ते," असं म्हणून आपण फोन तिच्या हातात देतो, तेव्हा घराचं बँक खातं, आधार क्रमांक आणि येणारे ओटीपी असं सगळंच तिच्या हातात गेलेलं असतं. पण सायबर सुरक्षा शिकवायची वेळ आली, की याच मुलांना आपण 'हे करू नका, तिथे जाऊ नका' अशी यादी वाचून दाखवतो. माझं सांगणं असं, की चौदा वर्षांचं पोर घराचा तांत्रिक कारभार बघतंच आहे, तर त्याला त्या तोलामोलाचं शिकवा. नुसता धाक घालू नका, फसवणूक आतून कशी चालते ते उलगडून दाखवा.

संगणकाचा तास पुष्कळ शाळांत अजूनही मॉनिटर आणि कीबोर्डची आकृती काढून भागांना नावं देण्यात जातो. ज्या मुलानं काल रात्री रील एडिट करून चढवलं, त्याला आपण माउसची बटणं किती ते विचारतो! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, हे चांगलंच झालं. पण मी आज जे सुचवतोय त्याला संगणक कक्षाचीही गरज नाही. फळा, खडू आणि शिक्षकाचा स्वतःचा फोन एवढ्यावर भागतं.

सुरुवात लग्नपत्रिकेपासून करा. मामाच्या नंबरावरून निरोप येतो, 'लग्नाला यायचं हं', आणि खाली एक फाइल. नाव 'लग्नपत्रिका', पण शेपटाला 'डॉट एपीके'. वर्गाला विचारा, पत्रिका म्हणजे एक तर फोटो, नाहीतर पीडीएफ; मग हे एपीके काय प्रकरण आहे? ते अ‍ॅप असतं. उघडलं की ते फोनमध्ये बसतं आणि परवानगी मागतं, एसएमएस वाचू का? घाईत कुणी 'अलाउ' दाबलं, की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी भामट्याला दिसतो. वर तीच पत्रिका तुमच्या नावानं साऱ्या गोतावळ्याला जाते. मामाच्या नंबरावरून निरोप का आला, ते आता मुलांना कळतं. मामा तुमच्या आधी फसलेला असतो. वाहतुकीचं चलन, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनीही हीच फाइल फिरते. मग शिक्षकानं आपल्याच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या अ‍ॅपला कशाची परवानगी दिली आहे ते वर्गासमोर बघावं. टॉर्चच्या अ‍ॅपला आपली संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न तिथे एकदा निघाला, की संध्याकाळी मुलं घरातल्या सगळ्यांचे फोन तपासायला बसतात. सांगावं लागत नाही.

पुढचा तास संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचा. फळ्यावर लिहा, 'शिष्यवृत्ती डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अर्ज-तपासा डॉट कॉम'. सरकारी वाटतं ना? आता पाकिटावरचा पत्ता आठवा. नाव, घर, गल्ली, आणि सगळ्यात शेवटी तालुका-जिल्हा. टपाल कुठल्या गावाला जायचं ते शेवटच्या ओळी ठरवतात. इथेही तसंच. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यापुढे पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून मागे वाचा. आपल्या उदाहरणात हाती येतं 'अर्ज-तपासा डॉट कॉम'. खरा मालक तो. आधीचं 'जीओव्ही डॉट इन' हे गल्लीचं नाव, गल्लीला कुणी काहीही नाव देऊ शकतं. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं आपल्यापैकी अनेक जण धरून चालतात. कुलपाचा अर्थ इतकाच, की वाटेत कुणाला मजकूर वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसलंय, सज्जन की चोर, हे ते सांगत नाही. या गैरसमजापायीच गूगलनं २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकलं. रिझर्व्ह बँकेनंही ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली आणायला सांगितलं. ते नाव बँकांशिवाय कुणाला मिळत नाही. मुलांना घरच्या पासबुकावरची बँक शोधून पत्त्याचं शेपूट तपासायला सांगा.

पासवर्ड शिकवायचा तर गणिताच्या तासाला शिकवा. चार आकडी पिन, शक्यता १०,०००. बरं, आता ज्यांनी पिन म्हणून जन्माची तारीख आणि महिना ठेवलाय त्यांनी मनातल्या मनात हात वर करा. त्यांच्यासाठी शक्यता उरल्या ३६६, आणि वाढदिवस माहीत असलेल्या मित्रासाठी एक! इंग्रजीची आठ लहान अक्षरं कशीही निवडली तर वीस हजार कोटींहून जास्त शक्यता होतात. त्यात आणखी चार अक्षरं घातली, की ती संख्या साडेचार लाख पटींनी वाढते. म्हणजे 'अ‍ॅट द रेट' आणि 'हॅश'च्या करामतीपेक्षा लांबी जास्त कामाची. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २०१७ पासून हेच सांगितलं आहे, शिवाय दर महिन्या-दोन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्तीही नको म्हटलं आहे. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. जांभूळ, पंखा, तहसील, मोजे. हा मात्र वापरू नका, आत्ताच आकाशवाणीवरून जाहीर झाला.

सांकेतिक लेखन हा तर मुलांच्या आवडीचा विषय. आपल्याकडे 'च'ची भाषा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. 'पाणी'चं 'चाणीप', 'कुठे'चं 'चुठेक'. दोन मुलींना वर्गापुढे ती बोलायला लावा. बाकीच्यांना नियम उमगेपर्यंत मजा, उमगला की गुपित संपलं. सांकेतिक लेखनाचे अभ्यासक ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली कळता कामा नये. व्हॉट्सअ‍ॅपचं कूटलेखन कसं चालतं ते जगजाहीर आहे, तरी निरोप सुरक्षित राहतो, कारण किल्ल्या फक्त त्या दोन फोनांत असतात. मात्र समोरच्यानं स्क्रीनशॉट काढला तर कुठलंही कूटलेखन आड येत नाही. नववीच्या वर्गाला हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा.

तिथूनच कायद्याकडे वळता येतं. वर्गमैत्रिणीचा फोटो लावून तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर खातं काढणं, ही मुलांना मस्करी वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली ६६ क आणि ६६ ड ही कलमं दुसऱ्याची ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं यांसाठी आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं.

आता पालकांशी दोन शब्द, कारण सगळं अडतं ते इथेच. मुलीला कुणी फोटोवरून धमकावतंय, मुलाचे गेमच्या नादात पैसे गेलेत, तरी ती घरी बोलत नाहीत. भामट्यापेक्षा त्यांना आपली भीती जास्त वाटते. सांगितलं की फोन जाणार, क्लास बंद होणार, चार नातेवाइकांत चर्चा होणार. भामट्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, 'घरी सांगेन' या धमकीवरच त्याचा धंदा चालतो. तेव्हा काही घडण्याआधीच मुलाला शब्द द्या, की वेळेत सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही. आणि तो पाळा. फोटोचं प्रकरण असेल तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. 'टेक इट डाउन' नावाची विनामूल्य सेवा आहे, ती फोटो मागत नाही. फोटोवरून तुमच्याच फोनमध्ये एक आकडी ठसा तयार होतो आणि त्या ठशावरून त्यात सहभागी असलेली माध्यमं तो फोटो ओळखून हटवू शकतात. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

शेवटी शिक्षकांना एक सराव सुचवतो, वर्गात नाटुकलं करा. एक मुलगा जुनी सायकल विकतोय, दुसरा सैन्यातला अधिकारी म्हणून फोन करतो, "क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." इथे सगळ्या वर्गानं ओरडायचं, पैसे घ्यायला पिन लागत नाही! मग समजा, पिन टाकला गेलाच. चोरीचा पैसा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतो. ती मधली खाती अनेकदा हजार-दोन हजारांच्या लोभानं आपलं खातं वापरायला देणाऱ्या पोरांची असतात, हेही सांगून ठेवा. म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लगेच करायचा. पैसा वाटेत असेल तर तो गोठवता येतो. फोन करताना बँकेचं नाव, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ लिहिलेली हवी. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा; शेवट 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते बघून. दोन मुलांना उठवून हा फोनही करून दाखवायला लावा, एक तक्रारदार आणि एक १९३० वरचा कर्मचारी. व्यवहाराचा क्रमांक पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये नेमका कुठे सापडतो, ते त्या वेळी निम्म्या वर्गाला माहीत नसतं. तिथे तास संपला तरी चालेल, पण तो शोधायला लावा.