संगणक क्र. ३
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'आपला जुना कॉम्प्युटर'. खाली प्रयोगशाळेच्या दाराशी टेबलावर तो मांडून ठेवलाय, येताना बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सकाळपासून मला दोनच गोष्टी ऐकू येतायत. एक, "हा खरंच चालतो का गं?" आणि दुसरी, "एवढी मेहनत घेतलीस तर निदान पांढरा तरी करायचास!" पहिल्याचं उत्तर, हो, चालतो. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे.

समोर बसलेल्या मुलांसाठी आधी थोडी ओळख. याचं नाव बीबीसी मायक्रो. टीव्हीवाली बीबीसी, तीच. लोकांना घरबसल्या कॉम्प्युटर शिकवणारी मालिका त्यांना दाखवायची होती आणि मालिकेबरोबर वापरायला स्वतःच्या नावाचं एक यंत्र हवं होतं. ते केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं बनवलं आणि डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणलं. आपल्याकडे आहे ते 'मॉडेल बी'. मेमरी ३२ किलोबाइट. रोज सकाळी फोनवर फुलांचं 'शुभ सकाळ' येतं ना, तेवढ्या एका चित्राला असे तीन-चार कॉम्प्युटर लागतील. १९८४-८५ मध्ये आपल्या सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यासाठी हेच यंत्र निवडलं, आणि पुढे आपली शाळा त्यात आली. हे यंत्र ज्यांनी रचलं त्यांतले दोघं, सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर, यांनीच नंतर एआरएम हा प्रोसेसर रचला. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याचीच पिढी चालते. म्हणजे खाली टेबलावर बसलाय तो तुमच्या फोनचा आजोबा, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

गेल्या वर्षी जुनी इमारत रिकामी करताना एका कपाटात असे तीन सापडले. भंगारात जाणार होते. बाईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "एक तरी फॅक्टरीतून आला होता तसा करून दे, आपण काचेच्या कपाटात ठेवू."

'फॅक्टरीतून आला तसा' हे शब्द आपण हल्ली फोनच्या बाबतीत ऐकतो. फोन अडकायला लागला की फॅक्टरी रीसेट. त्यात यंत्राला काही होत नाही, आतलं सामान पुसलं जातं. या जुन्या मंडळींचं नेमकं उलटं असतं. यांची भाषा, यांची सगळी व्यवस्था रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली आहे. बटण दाबलं की एका सेकंदात, आहे तस्सा, पहिल्या दिवसासारखा समोर उभा. सॉफ्टवेअर जुनं होत नाही, अपडेट मागत नाही. म्हातारं होतं ते शरीर. मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यामुळे हे माझ्यासाठी जरा उलटंच काम होतं. हातात कीबोर्डऐवजी सोल्डरिंग गन.

पहिला नियम असा की 'लावून तर बघू' म्हणून प्लग लावायचा नाही. आतल्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट जिथे शिरतात तिथेच दोन फिल्टर कपॅसिटर असतात. आपले मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात. जुन्या जातीच्या या कंडेन्सरमध्ये कागदाचे थर असतात आणि बाहेर पारदर्शक कवच. वर्षं जातात तसं कवचाला बारीक तडे जातात, दमट हवा आत शिरते, आणि मग एक दिवस वीज दिली की फट्ट, आणि खोलीभर असा धूर की शेजारी धावत येतात. आपल्या कपाटानं तर तीस पावसाळे पाहिलेत. तडे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन नव्या, प्लास्टिक फिल्मच्या जातीचे आणले आणि बसवले. सप्लाय बोर्डापासून वेगळा ठेवून, गाडीचा बल्ब भार म्हणून जोडून, ५ व्होल्ट नीट येतात हे पाहिलं, मगच पुढे. (मुलांनो, सप्लायचा डबा तुम्ही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो.)

लक्षात घ्या, 'मूळ स्थितीत' आणण्याची पहिली पायरी म्हणजे दोन मूळ भाग काढून फेकणं. इथूनच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग यंत्र चालू केलं. तुम्हाला आठवतो का याचा आवाज? आधी खालच्या पट्टीत 'बूऽऽ' आणि लगेच वरच्या पट्टीत 'पीक'. आपण अख्खा वर्ग मिळून तो आवाज काढायचो. त्या दिवशी नुसतं 'बूऽऽऽऽ' चालू राहिलं. 'पीक' आलंच नाही. ते 'बू' खरं तर झोपेतलं घोरणं असतं. आवाजाची चिप वीज मिळताच आपली आपण वाजायला लागते, आणि प्रोसेसर जागा झाला की तिला गप्प करून 'पीक' करतो. 'पीक' नाही म्हणजे प्रोसेसर जागाच झालेला नाही. सॉकेटातली एकेक चिप हलकेच काढली, काळवंडलेले पाय साफ केले, परत दाबून बसवली. इतक्या वर्षांच्या उन्हा-थंडीनं चिपा सॉकेटातून हळूहळू वर सरकतात. परत बटण दाबलं. बूऽऽ-पीक!

पडद्यावर मात्र उद्गारचिन्हंच उद्गारचिन्हं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. आणि वर, जिथे रोमन अक्षरांत 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के' यायला हवं, तिथे 'सीसीसी', पुढे काहीतरी अगम्य, आणि शेवटी '३३ के'. माझा मुलगा म्हणाला, "आई, एक के वाढला!"

मला हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत आवडता भाग, म्हणून जरा थांबते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. रोमन 'बी'चा आकडा ६६, 'सी'चा ६७. रिकाम्या जागेचा ३२ आणि उद्गारचिन्हाचा ३३. '२' या अंकाचा ५० आणि '३' चा ५१. दिसतंय का काही? प्रत्येक सम आकड्याचा पुढचा विषम झालाय. जे मुळात विषम होते, 'सी', 'के', '३', ते जसेच्या तसे राहिले. म्हणजे प्रत्येक आकड्याचा शेवटचा बिट कायमचा १ वर अडकलाय. मेमरीच्या दोन भागांत मिळून सोळा चिपा, आणि प्रत्येक चिप आकड्याचा एकच बिट सांभाळते. पडद्यावरचा मजकूर वरच्या भागात असतो. तेव्हा त्या भागातली, शेवटच्या बिटाची, एकच चिप मेलेली. मीटर नाही, ऑसिलोस्कोप नाही; नुसतं वाचून रोगी सापडला. पाचवीतल्या सम-विषम संख्यांचा माझ्या नोकरीत इतका थेट उपयोग क्वचितच झालाय. बदली चिप कपाटातल्या दुसऱ्या यंत्रातून काढून लावली, म्हणजे तीही त्याच काळातली. पडदा स्वच्छ, ३२ के.

आता खरा प्रश्न. उजव्या कोपऱ्यात वर, लाल बटणांच्या ओळीच्या शेवटी 'ब्रेक'चं बटण आहे. ते दाबलं की कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. लिहिलेला प्रोग्राम गेलासा वाटायचा, आणि आपण रडवेले झालो की सर यायचे, 'ओल्ड' असं टाइप करायचे, आणि तो जादूनं परत यायचा. पण टेपवरून प्रोग्राम चढत असताना कुणी ब्रेक दाबला तर 'ओल्ड'चाही उपाय नाही. परत टेप मागे घ्या, परत दीड-दोन मिनिटं वाट बघा. चाळीस मिनिटांचा तास आणि एका यंत्रावर पाच मुलं. म्हणून सरांनी त्या बटणाभोवती पत्र्याची एक पट्टी वाकवून दोन स्क्रूंनी बसवली होती. झाकणावर पेंटनं 'संगणक क्र. ३' लिहिलंय, तेही तेव्हाचंच. आणि कीबोर्ड उलटा केल्यावर मला एक तार दिसली. स्पेसबारखालची तुटलेली जोडणी कुणीतरी बारीक तारेनं, फार सफाईदार सोल्डरनं सांधली होती. सरांना फोन केला. म्हणाले, "मीच. उघडायची परवानगी नव्हती. दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसलो असतो तर तुमचं वर्ष गेलं असतं. शाळा सुटल्यावर केलं, कुणाला बोललो नाही." सर समोर बसलेत म्हणून सांगते: सर, तीस वर्षांनी ती तार अजून घट्ट आहे.

जुनी यंत्रं दुरुस्त करणारे माझे दोन मित्र आहेत, दोघंही पक्के. त्यांचं म्हणणं, पट्टी काढ, भोकं बुजव, किंवा दुसऱ्या यंत्राचं धड झाकण लाव. नंबर पुसून टाक. तार काढून जोडणी नीट कर. झाकणाच्या पिवळेपणावरही इलाज आहे. आग पसरू नये म्हणून त्या काळच्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घालत, आणि उन्हानं, उष्णतेनं असं प्लास्टिक पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग परत उजळतो, पुढे कधीतरी पुन्हा पिवळा पडू शकतो ते वेगळं. हे सगळं केलं असतं तर १९८०च्या दशकात खोक्यातून निघाला तसा कॉम्प्युटर नक्की मिळाला असता.

पण तसे जगात पुष्कळ आहेत. हे यंत्र पंधरा लाखांच्या आसपास खपलं. संग्रहालयांत आहेत, हौशी लोकांच्या घरी आहेत, छान पांढरे. ब्रेकवर डब्याचा पत्रा असलेला आणि 'क्र. ३' लिहिलेला हा एकच. फॅक्टरीनं तो बनवला तेव्हा आपल्यातल्या कुणाचाच त्याच्याशी संबंध नव्हता. म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ मारली: जे काळानं बिघडवलं ते दुरुस्त करायचं, जे शाळेनं केलं त्याला हात लावायचा नाही. कंडेन्सर बदलले, चिप बदलली. पट्टी, नंबर, तार तशीच. पिवळेपणा काळानंच आणलाय, म्हणजे माझ्याच नियमानं तो काढायला हवा, हे कबूल. पण पेरॉक्साइडनं नंबरचा पेंट टिकला असता याची खात्री कोण देणार? साबणाच्या पाण्यानं पुसला आणि थांबले. मित्र अजून नाराज आहेत.

काचेच्या कपाटालाही मी नकार दिला, बाई, त्याबद्दल रागावला नाहीत हे बरं झालं. सध्या शनिवारी सातवीची मुलं त्यावर बसतात. त्यांना सर्वांत नवल याचं वाटतं की चालू केल्यावर त्यात काहीच नसतं. एक बाण आणि लुकलुकणारी रेघ. "आता काय करायचं?" असं विचारतात. मी सांगते, तुम्ही सांगाल ते.

आणि शेवटी कॅसेट्स. कपाटात बुटांच्या खोक्यात सात निघाल्या. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून गुळासारखा झाला होता, तो बदलला, हेड पुसलं. या कॅसेटवर आपले प्रोग्राम आवाजाच्या रूपात असतात: १२०० आणि २४०० हर्ट्झचे दोन सूर, एक म्हणजे शून्य आणि दुसरा म्हणजे एक. सातपैकी तीन पूर्ण चढल्या. त्यांतल्या एकीवर 'आठवी ब, १९९२' असं लिहिलंय आणि आत तीसपर्यंतचे पाढे विचारणारा प्रोग्राम आहे. उत्तर चुकलं की रोमन अक्षरांत 'उठाबशा काढ' असं येतं, आणि किती काढायच्या ते कॉम्प्युटर मनानं ठरवतो. लिहिणाऱ्यांनी नावं दिली नाहीत, फक्त हजेरी क्रमांक, १४ आणि ३१. ते दोघं या हॉलमध्ये असतील तर त्यांनी खाली यावं. सातवीतली एक मुलगी एकोणतीसच्या पाढ्यापाशी अडलीय आणि तिला तुमच्याशी बोलायचंय.

उरलेल्या चार कॅसेट अर्ध्यात तुटतात. त्यांचा आवाज मी उतरवून ठेवलाय, पण मधले तुकडे गेलेले आहेत. तेव्हा आपण एकमेकांच्या कॅसेट घरी नेऊन कॉपी करायचो. कुणाच्या माळ्यावर तशी एखादी असेल तर पाठवा. वर नंतर गाणी भरलेली असली तरी चालेल; गाणी संपल्यानंतरची टेपसुद्धा मला हवी आहे.