वॉकीटॉकीची बॉडी बदलताना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'तू नक्की करतोस काय?' माझ्या आधी दोन डॉक्टर बोलले, त्यामुळे जरा अवघड झालंय. मी वॉकीटॉकी दुरुस्त करतो. त्यातही सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे जुन्या सेटची फुटलेली बॉडी बदलणं. लोकांना वाटतं, मोबाइलचं कव्हर बदलतात तसंच हे. परवा आपल्याच ग्रुपवर एकाने लिहिलं, "म्हणजे तू ब्यूटी पार्लर चालवतोस." त्याला आज समोर बसवलंय.

आपल्यापैकी निम्म्यांचे वडील रेल्वेत नाहीतर चोळे पॉवर हाउसमध्ये होते. गार्डकाकांची ती लोखंडी पेटी, झेंड्या, दिवा हे सगळ्यांनी पाहिलंय. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, बारा बंगल्याच्या बाजूला अजून गार्डच.) पुढे त्या सामानात वॉकीटॉकी आला. रेल्वेचे सेट माझ्याकडे येत नाहीत, त्यांचं सिग्नल आणि टेलिकॉम खातं ते बघतं. माझं गिऱ्हाईक म्हणजे सोसायट्यांचे वॉचमन, भिवंडीची गोदामं, गणेशोत्सव मंडळं आणि इकडे कल्याण-शीळ रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या टॉवरच्या साइट.

मोटोरोलाचा जीपी ३२८ घ्या. आत धातूचा सांगाडा, त्यावर बोर्ड. हा भाग वीस-वीस वर्षं चालतो. मार खाते ती बाहेरची पॉलीकार्बोनेटची बॉडी: अँटेनाच्या बुडाशी चीर, बॅटरीची खाच तुटलेली, बोलायच्या बटणावरचं रबर फाटलेलं. मग कोणीतरी फेविक्विक लावतं. ते लागतं, पण भोवती पांढरी साय धरते आणि दुसऱ्या आपटीला पुन्हा सुटतं. कोणी थिनरने पुसून चकाचक करतं. पॉलीकार्बोनेटला थिनर चालत नाही. आज चकचकीत दिसणारी बॉडी पुढे स्क्रूच्या आणि कोपऱ्याच्या जागी आपोआप तडकते.

सेट उघडायचा म्हणजे आधी बॅटरी काढायची, अँटेना फिरवून काढायचा, वरचे दोन्ही नॉब सरळ ओढायचे. खालच्या खाचेत बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर घालून सांगाडा उचलायचा. इथे थांबायचं. स्पीकर आणि माइक पुढच्या बॉडीत बसलेले असतात आणि बोर्डाला एका पातळ फ्लेक्स पट्टीने जोडलेले असतात. सांगाडा थोडा तिरका उचलून आधी ती पट्टी सोडवावी लागते. जोरात ओढली की फाटली, आणि दोनशे रुपयांचं काम भलत्या रकमेवर जातं.

खरी गोष्ट बंद करताना आहे. सांगाड्याभोवती एक काळी रबरी रिंग असते. पावसाचे शिंतोडे आणि धूळ अडवते ती हीच. बाजारातली नकली बॉडी केसभर मोठी असली तरी रिंग नीट दाबली जात नाही. वरून सेट नवाकोरा दिसतो आणि जुलैत आत पाणी. २६ जुलै २००५ आठवतोय ना? सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, गाड्या बंद, मोबाइल लागत नव्हते. वॉकीटॉकीची खरी गरज अशाच दिवशी पडते, आणि सील बसलेलं नसलं तर तो मरतोही नेमका त्याच दिवशी. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक सेटची रिंग मी नवी घालतो आणि माइकच्या भोकामागचा पातळ पडदा तपासतो. स्वस्त बॉडीत तो पडदा पुष्कळदा नसतोच.

दुसरी गोष्ट बोलायच्या बटणाची. नव्या बॉडीचं रबर जाड असलं किंवा किंचित पुढे आलेलं असलं तर बटण दाबलेलंच राहतं. एका सेटचं बटण अडकलं की त्या चॅनेलवर बाकी कोणालाच बोलता येत नाही, सगळ्यांना फक्त खरखर. सेटमध्ये टाइम-आउट लावलेला असेल तर तो ठरावीक वेळाने तोडतो. बऱ्याच जुन्या सेटमध्ये कोणी लावलेलाच नसतो. एका बांधकामावरचा सेट माझ्याकडे आला होता. बॉडी दुसरीकडे बदललेली, दिसायला सुंदर. टॉवर क्रेनवाल्याला वरून खालचा माल दिसत नाही, तो सिग्नलमनच्या आवाजावर काम करतो. सळयांचा बोजा हवेत असताना त्याच्या कानात नुसती खरखर सुरू झाली. तो माणूस शहाणा. त्याने बोजा होता तिथेच थांबवला आणि खाली कोणीतरी हातवारे करीपर्यंत हलवला नाही. सेट उघडला तर बटणाचं रबर जेमतेम एक मिलिमीटर उंच होतं. तेव्हापासून मी बॉडी घातल्यावर सेट रात्रभर चालू ठेवतो, शेजारी दुसरा सेट ऐकत. शेजारी म्हणतात, तुझ्या दुकानात भुतं बोलतात.

म्हणून मला नव्या नकली बॉडीपेक्षा मेलेल्या सेटची मूळ बॉडी आवडते. लॅमिंग्टन रोडला असे मेलेले सेट ढिगाने मिळतात. ओरखडे असतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं. मुरडू दे.

एक काम मी घेतच नाही. डोंबिवली एमआयडीसीतून काही सेट येतात, ज्यांच्यावर 'इंट्रिन्सिकली सेफ' असं लिहिलेलं असतं. त्यांची आतली ऊर्जा इतकी मर्यादित ठेवलेली असते की ठिणगी उडाली तरी भोवतालचा वायू पेटू नये. ते प्रमाणपत्र बॉडी, बॅटरीसकट अख्ख्या सेटचं असतं. मी बाहेरची बॉडी घातली की ते संपलं, आणि पाठीवरची खूण मात्र तशीच राहते. तिच्यावर विश्वास ठेवून माणूस सॉल्व्हंटच्या टाकीजवळ जाणार. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे स्फोट आपण घरात बसून अनुभवलेत, काचा गोळा केल्यात. त्यांचा वॉकीटॉकीशी काही संबंध नव्हता. पण तो हादरा ज्याने अनुभवला, त्याला असलं काम हातात घेववत नाही. मी त्यांना कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसकडे पाठवतो. पैसे जातात, जाऊ देत.

मघाशी बाईंनी विचारलं, "नवीनच का घेत नाहीत?" बाई, सोसायटीचे दहा सेट जुने अॅनालॉग असतात. त्यातला एक बदलून डिजिटल आणला, तर तो अॅनालॉगवर लावल्याशिवाय बाकी नऊ जणांशी बोलत नाही. म्हणजे बदलायचे तर दहाही. शिवाय जुन्याची बटणं हातमोजे घालूनही सापडतात.

आता कामाचं. ज्यांच्या सोसायटीत फुटके सेट कपाटात पडलेत, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं. लायसन्सचा कागद सोबत आणा. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी शक्तीच्या सेटना लायसन्स लागत नाही, बाकीच्यांना लागतं, आणि मी कागद बघितल्याशिवाय सेट उघडत नाही. बॅटरी वेगळी काढून आणा. आणि कृपा करून, फेविक्विक लावून आणू नका.